नदीकाठानं चालायचंय, सोलापूरजवळ कुठं जमेल?

सुईदोरा_जुळेसोलापूर

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं, मी ५६ आणि हे ६१, तीन महिने मुलाकडं अमेरिकेत रोचेस्टरला होतो, मागच्या महिन्यात परत आलो. तिथून गाडीनं तासाभरावर लेचवर्थ म्हणून स्टेट पार्क आहे, जेनेसी नदी डोंगर कापत जाते आणि तिच्या काठाकाठानं पायवाट, तिला गॉर्ज ट्रेल म्हणतात. सात मैल आहे, म्हणजे आपले अकरा किलोमीटर, आम्ही सगळी केली नाही, तीन धबधब्यांचा तेवढा भाग केला, त्यातला मधला १०७ फुटांचा आहे, त्याच्या तुषारांनी माझा चष्मा सारखा धुवून निघत होता आणि हे मागून ओरडत होते की कठड्याला टेकू नको. दगडी पायऱ्या, प्रत्येक वाटेला नंबर, जागोजागी बसायला बाक.

तर सांगायचं असं की मला त्या चालण्याची चटकच लागली. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरकडं जाणारी बाई मी, तिथं रोज पाच किलोमीटर चालायला लागले. इथं आल्यावर आमच्या कॉलनीच्या बागेत गोल गोल फिरतेय, अकरा फेऱ्या झाल्या की घाण्याच्या बैलासारखं वाटतं. ह्यांना म्हटलं आपल्याकडंही भीमा आहे, सीना आहे, काठानं चालू की. तर म्हणाले "आपल्याकडं नदीकाठाला काय असतं, बाभळीचे काटे आणि लोकं तांब्या घेऊन बसलेली."

खरंच काहीच नाहीये का? सोलापूरपासून तास-सव्वा तासात, सकाळी जाऊन दुपारी परत, दोन-तीन तास नदी दिसत राहील असं चालायला कुठं मिळेल? आम्ही गाडी घेऊन जाऊ. सापाची भीती वाटते, हेही सांगून ठेवते.

शेवटचा_बाक

काकू, काका बरोबर बोलले. नदीत पाणी असेल तर चिखल, नसेल तर वाळूचे खड्डे. आपल्याकडं ट्रेल बिल नसतो, सिद्धेश्वर तलावाला दोन चकरा मारा, बागेत बसा, भजी खाऊन घरी या. त्या गोऱ्यांनी कुणा श्रीमंत माणसाची जमीन घेऊन पार्क केलं असेल, इथं कोण देणार जमीन, बांधावरनं भाऊ भाऊ कोर्टात आहेत.

मोटार_चालू_कर

ओ शेवटचा बाक, बसूनच राहा तुम्ही 😄

काकू मी दक्षिण तालुक्यातला, आमची शेती भीमेकाठी. वाट नाही असं कोण म्हणतं, वाट हाय की, फक्त ती फिरायला जाणाऱ्यांसाठी केलेली न्हाय. नदीला सगळ्यांच्या पाणी उपसायच्या मोटारी हायत, प्रत्येक मोटारीपर्यंत माणूस दिवसातनं दोनदा तरी जातो, लाईट आठवडाभर दिवसाची आणि आठवडाभर रात्रीची असली की रात्री दोनला बॅटरी घेऊन सुद्धा जातो. त्या जाण्यायेण्यानं जी वाट पडलीय तीच तुमची ट्रेल. एका मोटारीपास्नं दुसऱ्या मोटारीपर्यंत, मध्ये कुठं ओढा आडवा आला तर जरा वर चढून वळसा घालायचा.

हत्तरसंग कुडलला जावा. सीना आणि भीमेचा संगम. सोलापुरातनं विजापूर रोडनं वडकबाळला सीनेचा पूल ओलांडायचा आणि मग पुढं डावीकडं आत, गावात कुणालाबी विचारा "कुडल संगम", सांगतात. चाळीसेक किलोमीटर पडंल. गाडी देवळापाशी लावा. तिथनं भीमेच्या काठानं वरच्या अंगाला, म्हणजे टाकळीच्या दिशेनं चालायचं. डाव्या हाताला नदी, उजव्या हाताला ऊस, आणि पलीकडच्या काठाला कर्नाटक. सकाळी लवकर निघालात तर ऊन पाठीवर राहतं.

आता सांभाळायचं काय ते सांगतो, कारण माझ्याच वाटेवर कुणी पडलं तर मला वाईट वाटंल. पहिलं म्हणजे केबल. जमिनीवर काळी केबल पडलेली असती, जॉइंटला नुसती टेप गुंडाळलेली, तिच्यावर पाय देऊ नका, ओलांडून जावा, हात तर अजिबात लावू नका. दुसरं म्हणजे पात्रात उतरायचं न्हाय. वरनं सपाट दिसतंय पण वाळू काढून काढून आत खड्डे झालेत, गुडघाभर पाणी म्हणून पाय टाकला की डोक्यावर पाणी. आमच्या गावातला पोहणारा पोरगा गेला तिथं, जास्त लिहीत न्हाय. तिसरं म्हणजे मेंढरांची कुत्री. धनगरांचा वाडा उतरलेला असला की लांबनंच हाक मारायची, मालक कुत्री धरा म्हणायचं. साप तुमच्या पायाच्या आवाजानं आधीच पळतो, कुत्रं न्हाय पळत.

सुईदोरा_जुळेसोलापूर

दादा, केवढं नीट सांगितलंत! हे वाचून ह्यांनी चष्मा वर केला, म्हणजे विचार चालू झालाय. दोन शंका. एक, कुणाच्या शेतातनं जाताना कुणी रागावत नाही का? आणि दोन, कुडल संगम मी मोबाईलवर टाकलं तर पार बागलकोटकडचं दाखवतोय, दोनशे किलोमीटरच्या आसपास, ते कसं?

मोटार_चालू_कर

रागावत न्हायत, पण विचारून जावा. बांधावर कुणी दिसलं की "पाव्हणं, नदीकडनं पुढं जाता येतं का" एवढंच म्हणा, अर्धी माणसं सोबत चालायला लागतात. आमच्याकडं निम्मी कन्नड बोलतात, "येल्ली होंटीरी" म्हणून कुणी विचारलं तर कुठं निघालात म्हणतोय असं समजा आणि हात दाखवा नदीकडं. ऊस मोडू नका, हरभऱ्यातनं चालू नका, बांधावरनं चला. आणि नदीवरच्या मोटारीच्या पेटीला हात लावताना दिसलात तर मात्र चोर समजतील, केबल चोरीनं सगळे वैतागलेत, आमचीच दोनदा गेली, फुटबॉलसकट नेली राव, फुटबॉल म्हणजे खेळायचा न्हवं हां काकू, पाईपच्या तोंडाला पाण्यात असतोय तो, पाणी माघारी जाऊ देत न्हाय.

तुळईवरची_ओळ

बागलकोटकडचं आहे ते कूडलसंगम, बसवेश्वरांचं, कृष्णा आणि मलप्रभेचा संगम. आपलं आहे हत्तरसंग कुडल, भीमा आणि सीनेचा. मोबाईलवर "हत्तरसंग" लिहूनच शोधा, नाहीतर आमच्या ओळखीत एक जण खरंच पहाटे निघून नाष्ट्याला विजापूरच्या पुढं पोचला होता, मग म्हणाला आलोच आहे तर गोल घुमट बघून जातो.

पण काकू, तुम्ही चालायला जाताय ते ठीक, देवळात दहा मिनिटं उभ्या राहिल्याशिवाय परत येऊ नका. संगमेश्वराच्या देवळात तुळईवर एक लेख कोरलाय, शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८. संशोधक आनंद कुंभार आपल्या सोलापूरचेच, त्यांनी तो उजेडात आणला. शेवटची ओळ मराठी आहे, "वाछि तो विजेया होइवा". जो वाचेल तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी दगडावर लिहून ठेवलं की हे वाच, आणि आपण मोबाईलवर फॉरवर्ड वाचतोय.

वर तुळईवर असल्यानं समोरून टॉर्च मारला तर काहीच दिसत नाही, सगळं सपाट दिसतं. टॉर्च बाजूला धरायचा, अगदी आडवा, म्हणजे अक्षरांच्या खाचेत सावली पडते आणि मग ओळ उठून येते. खडू, पीठ, हळद काही चोळू नका, आधीच लोकांनी तेल-शेंदूर कमी फासलेला नाही.

तिथंच हरिहरेश्वराचं देऊळ आहे, ते मातीखाली गाडलेलं होतं, नव्वदीच्या दशकाच्या शेवटाला उकरून काढलं. तिथं बहुमुखी शिवलिंग आहे, ३५९ मुखं कोरलेली. मोजायला जाऊ नका, मी गेलो होतो, सत्तरच्या पुढं हरवलो.

शेवटचा_बाक

पहिला मराठी शिलालेख श्रवणबेळगोळचा ना? शाळेत तेच शिकवलंय, चावुंडराजे करवियले.

तुळईवरची_ओळ

शाळेत आपल्याला बरंच काही शिकवलंय 🙂 गोमटेश्वराच्या पायाशी ते आहे खरं, पण ते नेमकं केव्हा कोरलं ह्यावर अभ्यासकांचं एकमत नाही, मूर्तीचा काळ आणि त्या ओळींचा काळ एकच धरायचा का हाच प्रश्न आहे. दुसरीकडं अलिबागजवळ आक्षीचा लेख, त्याचं वाचन काही जण शके ९३४ करतात, म्हणजे कुडलच्या सहा वर्षं आधी, पण तिथंही आकड्यावर वाद आहे. कुडलच्या लेखात शक स्पष्ट आहे. म्हणून मी पहिला पहिला करत नाही, पण सोलापूरकर म्हणून छाती थोडी फुगवायला हरकत नसावी. आपल्याला लोक चादर आणि शेंगाचटणीच्या पलीकडं ओळखत नाहीत.

बफेलोचा_सोलापुरी

लेचवर्थचं नाव वाचून थांबलो. मी बफेलोला असतो, वर्षातनं दोन-तीनदा जाणं होतं. वर कुणीतरी श्रीमंत माणसाची जमीन म्हणालं ते बरोबर आहे, फक्त कुणी हिसकावली नाही. विल्यम लेचवर्थ म्हणून बफेलोचा व्यापारी, त्यानं १८५९ साली तिथं जागा घेतली, त्याआधी लाकूडतोड्यांनी तो परिसर बोडका केला होता, त्यानं झाडं लावली आणि १९०६ साली हजार एकर न्यूयॉर्क राज्याला देऊन टाकले. नंतर सरकारनं वाढवत नेलं. त्या दगडी पायऱ्या आणि भिंती म्हणताय ना काकू, त्यातलं पुष्कळसं काम १९३० च्या मंदीत बेकार पोरांना सरकारनं कामाला लावून करून घेतलंय. रोजगार हमीच म्हणा की. आपल्याकडं ७२ च्या दुष्काळात जे पाझर तलाव आणि रस्ते झाले तसं.

आणि एक गंमत. त्या पार्कच्या खालच्या टोकाला माउंट मॉरिस धरण आहे, १९५२ चं. उजनीसारखं पाणी साठवून ठेवायचं धरण नाही ते, एरवी जवळजवळ रिकामं असतं, पूर आला तरच पाणी अडवतं आणि मग हळूहळू सोडतं. १९७२ साली अग्नेस वादळात ते तोंडापर्यंत भरलं होतं. तेव्हा नदी तिथली असो की आपली, काठानं चालायचं म्हटलं की वरच्या धरणात काय चाललंय ते विचारून निघायचं, ही सवय मला इथं लागली. तुम्ही निघायच्या आदल्या दिवशी उजनीतून पाणी सोडलंय का ते बघा.

आई-बाबांना मी तिकडं नेलं होतं तर बाबा म्हणाले, सगळं छान आहे पण चहाची टपरी नाही.

मोटार_चालू_कर

हे एक नंबर सांगितलं दादांनी. सोलापूरला प्यायचं काही पाणी भीमेवरच्या औजच्या बंधाऱ्यातनं येतं, त्यासाठी उजनीतनं नदीत पाणी सोडतात, आणि ते पाणी इथपर्यंत यायला दिवस लागतात. आज पात्र कोरडं दिसतंय म्हणून मोटारी खाली सरकवायच्या आणि चार दिवसांनी पाणी आलं की परत वर ओढायच्या, हाच आमचा व्यायाम. पेपरला बातमी असती, "उजनीतून भीमेत विसर्ग" म्हणून. ती आली की काठावरनं चला, खाली वाळवंटात उतरू नका. तुमच्या नळाला जे येणार असतं तेच आमच्या दारावरनं जात असतं 😄

पावसाळ्यात तर इकडं फिरकूच नका. २०२० च्या ऑक्टोबरात भीमेनं आणि २०२५ च्या सप्टेंबरात सीनेनं काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय. अजून काठाच्या बाभळींना तुमच्या डोक्याच्या वर चिंध्या आणि प्लास्टिक अडकलेलं दिसंल, तिथपर्यंत पाणी होतं असं समजायचं. डिसेंबर निम्मा गेला की या. तोवर गाळ वाळतो. आत्ता आलात तर काळी माती चपलेला अशी बसंल की दोन पावलात चार किलोचा पाय होतो.

कवड्या_खंड्या

डिसेंबर-जानेवारी म्हटलात म्हणून लिहितो. दुर्बीण असेल तर न्या, नसेल तरी चालेल. मोटारीच्या पाइपावर बसलेला काळा-पांढरा पक्षी दिसला तर तो कवड्या खंड्या, माझं नाव त्याच्यावरूनच. तो पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबतो, हेलिकॉप्टरसारखा, आणि मग दगड सोडल्यासारखा सरळ खाली. हे एकदा बघितलं की दहा मिनिटं पाय हलत नाहीत. थंडीत नारिंगी रंगाची बदकांची जोडी काठावर दिसली तर ते चक्रवाक, लांबून येतात, हिमालयाच्या पलीकडनं. जवळ जायचा प्रयत्न करू नका, टिटवी आधी ओरडते आणि सगळ्यांना उठवते. टिटवी म्हणजे नदीकाठची चौकीदारीण, तिच्या नकळत काही होत नाही.

लांब चालायचं नसेल तर माचणूर पण चांगलं. मंगळवेढा रोडला बेगमपूरचा पूल ओलांडला की आलं. भीमेच्या काठावर सिद्धेश्वराचं देऊळ, पायऱ्यांचा घाट, शेजारी किल्ला. औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ तिथंच शेजारी ब्रह्मपुरीला होती, दिल्लीचा बादशहा चार वर्षं आपल्या भीमेचं पाणी पीत बसला होता. किल्ल्याच्या बुरुजावरून नदीचं वळण दिसतं, संध्याकाळचं जा. पण तिथं चालणं कमी आणि बसणं जास्त, काकूंना चालायचंय.

शेवटचा_बाक

बसणं जास्त असेल तर मी येतो माचणूरला.

सुईदोरा_जुळेसोलापूर

मंडळी, जाऊन आलो! गड्ड्याची यात्रा संपल्यावर, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात. उशिरा लिहितेय, माफ करा, मध्ये पाहुणे होते.

सहाला निघालो, पावणेआठला देवळापाशी. रस्ता शेवटी शेवटी खराब आहे, बाकी ठीक. आधी चालायचं आणि मग देऊळ असं ठरवलं. पहिला अर्धा किलोमीटर वाटच सापडेना, नुसती वेडी बाभळ, ह्यांचं "मी म्हटलो होतो" चालू झालं, मग एका मोटारीचा आवाज आला तिकडं गेलो तर खरंच मोटारीच्या पेटीपासून पायवाट सुरू. चांगली वहिवाटीची, एक माणूस जाईल एवढी. तिथून पुढं अडीच-तीन किलोमीटर गेलो असू, मध्ये एक ओढा आला तो वळसा घालून ओलांडला, दोघांची चिखलात एकेक चप्पल अडकली. बूट घाला म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, तिथं अमेरिकेत बूट घालून चाललो आणि इथं आपलंच आहे म्हणून सँडलवर, हा आमचाच शहाणपणा.

कवड्या खंड्या दिसला! एकाच जागी थांबला, पडला, आणि वर आला तर चोचीत काहीच नाही. परत तेच. तिसऱ्यांदा मासा मिळाला तर ह्यांनी टाळी वाजवली आणि तो मासा घेऊन पलीकडं कर्नाटकात गेला.

एका शेतात एक आजी हरभरा उपटत होत्या, त्यांनी कन्नडमध्ये काहीतरी विचारलं, मी "येल्ली होंटीरी" एवढंच ओळखलं आणि नदीकडं हात दाखवला, त्या हसल्या आणि हिरव्या ढाळ्यांची मोठी पेंडी हातात दिली, पैसे विचारले तर हातच झटकला. सोबत कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही नेलं होतं, बांधावर बसून खाल्लं आणि ते ढाळे सोलत सोलत परत आलो. दीड तास जाणं, दोन तास येणं, कारण येताना सोलायचं काम होतं. मेंढरं होती, कुत्री धरा म्हणून ओरडलो, धनगरदादांनी धरली.

आणि तुळईवरची ओळ. टॉर्च समोरून मारला, खरंच काही नाही. मग ह्यांनी मोबाईल पार खांबाला टेकवून आडवा धरला, हात दुखेपर्यंत, आणि अक्षरं अशी एकेक वर आली. सगळं मला कळलं नाही, खरं सांगते. "व" ओळखला. तेवढ्यानं अंगावर काटा आला. ह्यांना म्हटलं वाचलं की नाही, आता विजयी झालो, तर म्हणाले एक अक्षर वाचून एवढाच विजय होणार की तुझे गुडघे दुखणार नाहीत. दुसऱ्या दिवशी दुखलेच.

मोटार_चालू_कर दादा, तुमची पेटी कुठली ते कळलं नाही पण वाटेतल्या एका पेटीवर हिरव्या ऑइलपेंटनं "हात लावू नये करंट" लिहिलंय तिथं बाजूच्या दगडावर ह्यांची चष्म्याची तपकिरी डबी राहिली. चष्मा नाकावरच होता, डबी रिकामी आहे. कुणी तिकडं गेलं तर बघा.

मोटार_चालू_कर

काकू ती चुलत्याची पेटी. डबी पोराला सापडलीय, त्यात त्यानं फ्यूजची तार ठेवलीय. पुढच्या खेपेला आलात की घेऊन जावा, चहा घेतल्याशिवाय सोडत न्हाय.